ब्रेक दाबणाऱ्यांची बाजू

१९ जून २००५ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने मिळवलेले हे पहिले गुण. आजवरचे शेवटचेही तेच. या पाच गुणांचा अभिमान बाळगणारे चाहते मला पुष्कळ भेटतात. ते कसे मिळाले हे सांगितलं, की मात्र बोलणं दुसरीकडे वळतं.

त्या दिवशी शर्यत फक्त सहा गाड्यांची झाली. मिशेलिन कंपनीचे टायर वापरणाऱ्या सात संघांच्या चौदा गाड्या सुरुवातीचा एक फेरा मारून सरळ पिटमध्ये परतल्या आणि तिथेच थांबल्या. दोन दिवस आधी सरावात राल्फ शूमाकरचा टायर तेराव्या वळणावर फुटला होता आणि गाडी भिंतीवर आदळली होती. ते वळण तिरकं, उतरतं आणि प्रचंड वेगाचं. आमचे टायर तिथे पूर्ण शर्यतभर टिकतील याची हमी देता येत नाही, असं मिशेलिनने स्वतःच सांगितलं. वेग कमी करण्यासाठी तिथे एक तात्पुरतं वळण टाका, अशी विनंती झाली. ती फेटाळली गेली. मग चौदा चालक थांबले. लाखभर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ट्रॅकवर बाटल्या फेकल्या आणि पैसे परत मागितले. उरलेल्या सहा गाड्यांत जॉर्डन संघाची आपल्या नारायणची गाडी होती.

मी जेव्हा म्हणतो, की त्या दिवशी योग्य वागले ते चौदाजण आणि त्यात हुर्यो उडवण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकाही चाहत्याला ते पटत नाही. तिकिटाचे पैसे दिलेल्यांचं काय? शर्यत म्हणजे धोका आलाच ना? एवढी भीती वाटते तर गाडीत बसायचंच कशाला?

शर्यतीच्या चाहत्यांत न पटणारी मतं पुष्कळ असतात. शूमाकर मोठा की हॅमिल्टन, २०२१ साली अबू धाबीत शेवटच्या फेरीत झालं तो न्याय की अन्याय, जुन्या इंजिनांचा आवाज गेला म्हणजे खेळच गेला का? या गोष्टींवर चहा थंड होईपर्यंत भांडावं. त्यात कुणाचं काही जात नाही. पण एक मत असं आहे, जे गेली शंभर वर्षं बहुतेक प्रत्येक पिढीतल्या चाहत्यांना नकोसं वाटलं. ते म्हणजे, ‘हे असं चालणार नाही, यात माणसं मरतील.’ असं म्हणणारा भित्रा ठरला, खेळाचा सत्यानाश करणारा ठरला. पुढे दहा-वीस वर्षांत त्याचंच म्हणणं नियम झालं आणि त्या नियमाच्या आधाराने वाचलेल्या चालकांसाठी त्याच चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे मला लिहावंसं वाटलं ते पडेगावात राहतो म्हणून. इथून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे जाणारा रस्ता रात्री मोकळा होतो आणि सायलेन्सर बदललेल्या बाइक सुरू होतात. पुढे माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून वेगाची नवी भाषा या भागात आली आहे. दुचाकींना समृद्धीवर मनाई आहे, पण काट्यावरचा आकडा मोबाइलवर टिपून एकमेकांना पाठवण्याला मनाई नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे वैजापूरजवळ याच महामार्गावर बारा माणसं गेली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिकला परतणारे लोक होते ते. त्या आठवड्यात टपरीवर सगळे गंभीर होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा आकडे सुरू.

एका मुलाला मी विचारलं, हेल्मेट कोपराला का अडकवतोस? हँडलला अडकवलंस तर निदान हात तरी मोकळा राहील. तो हसून म्हणाला, “चचा, ये डरपोक लोगां का खेल नै है. रेसिंग में ब्रेक कौन मारता?”

रेसिंगमध्ये ब्रेक सगळेच मारतात. रेसिंग म्हणजे मुख्यतः ब्रेकच. ताशी तीनशेच्या वर धावणारी गाडी वळणाआधी जेमतेम दीडशे मीटरमध्ये शंभरच्या आसपास आणणं, तेही चाकं न अडकवता, हे ज्याला जमतं तो जिंकतो. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबायला कुठलीही विद्या लागत नाही. पण त्या मुलाचं तरी काय चुकलं? त्याने शर्यत चालकाच्या खुर्चीतून पाहिलेली नाही, प्रेक्षकाच्या पाहिली आहे. आपल्या पोरांकडे रेसिंग आलं ते चाहत्यांकडून, चालकांकडून नाही. हेल्मेट, पट्टा, अग्निरोधक कपडे, रुग्णवाहिका, डॉक्टर, ट्रॅकवरचे झेंडे हे सगळं तिकडेच राहिलं आणि इकडे फक्त आरडाओरडा आला.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर आपल्यातले बुजुर्ग मला आपल्या बाजूचा समजतील. शर्यत म्हणजे शैतानी काम, असं मला वाटत नाही. मदिन्यात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या आणि हदीसमध्ये त्यांचे पल्लेही सांगितले आहेत. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला, तयार न केलेल्यांना आखूड. शर्यत होती, आणि जनावराच्या कुवतीचा हिशोबही होता. माझा मुद्दा त्या हिशोबाचा आहे.

हेल्मेटचीच गोष्ट घ्या. आपण त्याला पोलिसांची आणि दंडाची वस्तू समजतो, पण ते जन्मलं शर्यतीच्या ट्रॅकवर. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला, खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला जगातला पहिला. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर यांच्याकडे दर थोड्या दिवसांनी डोकं फुटलेला मोटारसायकलस्वार येई. त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मॉस नावाच्या कारागिराकडून कॅनव्हासवर लाखेचे थर देऊन टोप्या बनवून घेतल्या आणि मोटारसायकल शर्यतींच्या संघटनेपुढे ठेवल्या. संघटनेने आधी कल्पनाच धुडकावली. मग तीच संघटना वळली आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत टोप्या गेल्या. एक स्वार फाटकावर आदळूनही वाचला. शर्यत झाल्यावर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने गार्डनरना कळवलं, की दरवर्षी डोक्याला मार लागलेले काही ‘मनोरंजक’ रुग्ण मिळायचे, यंदा एकही मिळाला नाही. इंग्रजी विनोद आहे, पण हेल्मेटची याहून चांगली जाहिरात मी वाचलेली नाही.

यानंतर हेल्मेट सगळीकडे पोचलं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. शर्यतीत ते सक्तीचं झालं, रस्त्यावर कुणी विचारलं नाही. एकवीस वर्षांनी, १३ मे १९३५ रोजी, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक माणूस ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात असताना समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना चुकवताना तो उडून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला, वय ४६. हा टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात इंग्रजांच्या वतीने वावरलेला, ज्याला जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतं. त्या उठावातून पुढे अरबांच्या पदरात काय पडलं हा वेगळा लेख होईल. वेगाचं मात्र त्याला व्यसन होतं. मोटारसायकलवरून विमानाशी शर्यत लावल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. लॉरेन्सला वाचवता आलं नाही, पण प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांनी आकडे जमवायला सुरुवात केली. १९४१ साली छापलेल्या त्यांच्या लेखात नोंद आहे, की दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटारसायकलस्वार रस्त्यावर मेले होते. त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांत हेल्मेट घातलेले सातच सापडले आणि ते सातही जगले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य माणसाला ते सक्तीचं व्हायला १९७३ उजाडलं. तोवर केर्न्सना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. गार्डनरच्या लाखेच्या टोपीपासून मोजलं तर एकोणसाठ वर्षं.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आलं. पगडी घातलेल्या शिखांना त्यातून सूट आहे, टोपी किंवा स्कार्फ घातलेल्यांना नाही. आपल्या मुलींचा स्कार्फ हेल्मेटखाली नीट बसतो, हे रोज सकाळी कॉलेजच्या रस्त्यावर दिसतंच. महाराष्ट्रात या कायद्याला झालेला विरोध हा स्वतंत्र इतिहास आहे. २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी योजना काढली. पंपचालकांच्या विरोधापुढे ती बारगळली. २०१९ च्या जानेवारीत पुण्याच्या पोलिसांनी सक्ती कडक केली, तर पुणेकरांनी मोर्चे काढले. मानेला त्रास होतो, मागचं ऐकू येत नाही, शहरात वेग असतो कुठे, अशी त्यांची कारणं. २०२२ सालच्या केंद्र सरकारच्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. या मागे बसलेल्यांत बायका आणि मुलं किती असतील, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

आपल्यात आणखी एक कारण ऐकू येतं: मौत का वक्त लिखा हुआ है. उंट आधी बांधण्याची हदीस ज्यांना पाठ आहे, तेच हे म्हणतात. आणि हे काही फक्त आपल्यातच आहे असं नाही. साठच्या दशकात युरोपातले चाहते नेमकं हेच म्हणत होते, फक्त वेगळ्या भाषेत.

त्याआधी १९५५ झालं होतं. ११ जूनला फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेगची मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. शर्यत थांबवली नाही. थांबवली तर लोक घरी निघतील, रस्ते भरतील आणि रुग्णवाहिका अडकतील, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य असेलही. मर्सिडीजने रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. विजेत्याने दुसऱ्या दिवशी शॅम्पेन उडवली. स्वित्झर्लंडने आपल्या देशात ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली. बाकी सगळे पुढच्या वर्षी पुन्हा ल मान्सला हजर.

आता जॅकी स्ट्युअर्ट. १२ जून १९६६, बेल्जियममधला स्पा. तो तेव्हाचा जुना ट्रॅक म्हणजे गावांमधून, शेतांमधून जाणारा चौदा किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता होता. कडेला झाडं, घरं, खांब. पहिल्याच फेरीत एका टोकाला अचानक पाऊस लागला. स्ट्युअर्टची बीआरएम गाडी ताशी २६५ च्या आसपास होती. ती रस्ता सोडून टेलिफोनच्या खांबावर आदळली, पुढे एका शेडवर आणि शेवटी एका शेतकऱ्याच्या गोठ्याजवळ जाऊन थांबली. स्टिअरिंग मांड्यांवर दाबलं गेलेलं, पेट्रोल अंगावर गळतंय, एक ठिणगी पडली की संपलं. बाहेर काढायला कुणी नाही. मदतीला आले ते त्याच पावसात घसरलेले दोन चालक, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट. स्टिअरिंग काढायला पाना हवा, तो त्यांनी प्रेक्षकाकडून मागून आणला. पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टर नव्हता. वैद्यकीय केंद्रात त्याला जमिनीवर ठेवलं, आजूबाजूला सिगारेटची थोटकं पडलेली होती. पुढे रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिका वाट चुकली.

यानंतर स्ट्युअर्ट पहिली गोष्ट काय करू लागला, तर स्टिअरिंगला एक पाना चिकटपट्टीने बांधून ठेवू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे बोलू लागला. पट्टे हवेत, तोंड झाकणारं हेल्मेट हवं, कडेला कठडे हवेत, प्रत्येक ट्रॅकवर डॉक्टर हवा. स्वतःच्या खर्चाने डॉक्टर बरोबर नेऊ लागला. १९६८ च्या एप्रिलमध्ये त्याचा मित्र जिम क्लार्क हॉकेनहाइमला झाडांत घुसून मेला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत आणखी तीन नामवंत चालक गेले. स्ट्युअर्टच्या पुढाकाराने चालकांनी १९६९ ला स्पावर बहिष्कार टाकला आणि १९७० ला न्युर्बुर्गरिंगवर.

ट्रॅकचे मालक चिडले हे समजण्यासारखं आहे, त्यांच्या खिशाला हात लागला होता. पण चाहतेही चिडले आणि मोटारींवर लिहिणारे पत्रकारही. त्यांतला सर्वात वजनदार डेनिस जेंकिन्सन. त्याने लेखामागून लेख लिहून स्ट्युअर्टची टर उडवली. इथे माझ्या म्हणण्याला अडचण येते हे मला दिसतं. जेंकिन्सन काही नुसता बघ्या नव्हता. १९५५ च्या इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून तो हजार मैल गेला होता आणि ते दोघं जिंकले होते. मॉसचंही मत होतं, की धोक्याशिवाय शर्यत म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक. तेव्हा सगळे चालक एका बाजूला आणि सगळे चाहते दुसऱ्या, असं झालेलं नाही. पण स्वतःच्या जिवावर उदार होणं वेगळं आणि ‘मी उदार आहे, तर तूही हो’ असं दुसऱ्याला म्हणणं वेगळं. जेंकिन्सन दुसरी गोष्ट करत होता.

आणि भित्रेपणाचं म्हणाल, तर १९६८ ची न्युर्बुर्गरिंगची शर्यत घ्या. धुकं, पाऊस, बावीस किलोमीटरचा डोंगराळ ट्रॅक. त्यात मनगटाचं हाड मोडलेल्या स्ट्युअर्टने ती चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. सेकंदांनी नव्हे, मिनिटांनी. त्याच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांनी हे पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याला घाबरट म्हटलं.

स्ट्युअर्टच्या विरोधकांत जॅकी इक्स हा बेल्जियमचा तरुण चालक होता. चालकांच्या संघटनेच्या बहिष्कारात तो सामील होत नसे. पण १९६९ च्या ल मान्सला त्याने जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडतं. तिथे सुरुवात अशी होई, की गाड्या एका बाजूला तिरक्या उभ्या आणि चालक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. झेंडा पडला, की पळत जाऊन गाडीत उडी मारायची आणि निघायचं. प्रेक्षकांचा हा अतिशय लाडका क्षण होता. तोवर गाडीत पट्टे आले होते, पण पळापळीत पट्टा लावणार कोण? बरेच जण न लावताच निघत. इक्स त्या दिवशी पळाला नाही. बाकीचे धावत असताना तो चालत गेला, बसला, पट्टा नीट लावला आणि सर्वांत शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फची पोर्श उलटली. त्याने पट्टा लावलेला नव्हता. तो गेला.

चोवीस तासांनी शर्यत कोण जिंकलं? इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर, दुसऱ्या गाडीपेक्षा सुमारे १२० मीटरने. चोवीस तास धावून १२० मीटर! चालत जाण्यात जे सेकंद गेले त्यांचा हिशोब करणाऱ्यांची तोंडं तिथे बंद झाली. पळत सुटण्याची ती पद्धत त्यानंतर ल मान्सने बंद केली. गोष्टीला शेपूट आहे. सोमवारी सकाळी पॅरिसकडे जाताना शार्त्र गावाजवळ एक गाडी इक्सच्या पोर्शपुढे आडवी आली आणि त्याची गाडी खांबावर चिरडली. त्याने पट्टा सोडला आणि बाहेर आला, खरचटलंही नव्हतं. शर्यतीच्या ट्रॅकवर नव्हे, साध्या रस्त्यावर.

स्ट्युअर्टने १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन विश्वविजेतेपदं मिळवली. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला त्याचा सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर सरावात गेला. दुसऱ्या दिवशीची शर्यत स्ट्युअर्टची शंभरावी ठरणार होती. तो उतरला नाही, नव्व्याण्णववर थांबला. त्याची बायको हेलन हिने त्या वर्षांत मेलेल्या मित्रांच्या बायकांना कितीदा सोबत केली, हॉटेलच्या खोल्यांतलं त्यांचं सामान आवरायला मदत केली. चाहत्यांची मतं मोजली गेली, या बायकांना कुणी विचारलंही नाही. स्ट्युअर्ट पुढे म्हणत असे, की लोकांना आवडेल तेच बोललो असतो तर मी जास्त लोकप्रिय झालो असतो, कदाचित मेलो असतो, पण लोकप्रिय नक्की.

निकी लाउडाची गोष्ट सिनेमामुळे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९७६ च्या न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीआधी त्याने चालकांना म्हटलं, इथे नको. मतदान झालं, तो हरला. १ ऑगस्टला त्याच ट्रॅकवर तो जळाला. बेचाळीस दिवसांनी मोंझाला परत येऊन चौथा आला, तेव्हा चाहत्यांना तो देव वाटला. सहा आठवड्यांनी जपानमध्ये फुजीला मुसळधार पावसात दोन फेऱ्या करून त्याने गाडी थांबवली आणि विजेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेलं. तेव्हा तोच लाउडा इटलीच्या वर्तमानपत्रांत पळपुटा ठरला. फेरारीचा अभियंता फोर्गिएरी त्याला म्हणाला होता, आपण इंजिन बिघडलं असं सांगू. लाउडा नाही म्हणाला. मला फुजीच्या त्या दोन फेऱ्यांपेक्षा हे नकार देणं मोठं वाटतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला.

आमच्या पिढीचा देव सेना. त्याच्याविषयी आदर ठेवूनच सांगतो, की मी प्रोस्टच्या बाजूचा आहे. हे म्हटलं की टपरीवर माझ्यासमोरचा चहा उचलला जातो. १९८२ मध्ये हॉकेनहाइमला पावसाच्या फवाऱ्यात समोरचं न दिसल्याने दिदिए पिरोनीची गाडी प्रोस्टच्या गाडीवर चढली आणि पिरोनीच्या पायांचा चुराडा झाला. प्रोस्ट ते विसरला नाही. १९८९ मध्ये ॲडलेडला तुफान पावसात एक फेरी मारून तो उतरला आणि शर्यत पुन्हा सुरू झाली तरी गाडीत बसला नाही. सेना बसला, पुढच्या गाडीला फवाऱ्यात मागून धडकला आणि बाहेर गेला. चाहत्यांच्या लेखी तरीही सेना शूर आणि प्रोस्ट हिशोबी. हिशोबी हा शब्द शिवी कधी झाला?

३० एप्रिल १९९४ ला इमोलाला रोलँड रात्झेनबर्गर गेला. शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी सेनाला त्या संध्याकाळी सांगितलं, की सोड हे सगळं, आपण मासे पकडायला जाऊ. सेना म्हणाला, मला सोडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर त्याच्यावर उपचार करण्याची वेळ वॉटकिन्स यांच्यावरच आली. हे वॉटकिन्सही मेंदूचे शल्यचिकित्सक, आणि ते घडले ऑक्सफर्डच्या त्याच रॅडक्लिफ रुग्णालयात जिथे कधीकाळी केर्न्स होते.

इतकं सगळं होऊन चाहते बदलले का? २९ ऑगस्ट २०२१ ला पुन्हा स्पा, पुन्हा पाऊस. तासन्‌तास थांबून सुरक्षा गाडीच्या मागे दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि शर्यत संपली म्हणून जाहीर झालं. अर्धे गुण वाटले गेले. जगभर चाहत्यांनी शिव्या घातल्या. गुण वाटणं हा तमाशा होता, यात वाद नाही. पण गाड्या सोडल्या नाहीत, हे बरोबर केलं. दोन वर्षांपूर्वी तिथेच अँत्वान ह्युबेर हा तरुण चालक मेला होता. आणि १ जुलै २०२३ ला त्याच ट्रॅकवर, तशाच पावसाच्या फवाऱ्यात, १८ वर्षांचा डिलानो फान्ट हॉफ गेला. २०२१ च्या त्या दिवशी शिव्या घालणाऱ्यांनी पावसात बसून सोसलं, हे खरं. माझी सहानुभूती त्यांच्या छत्रीपुरती आहे.

हेलोचं प्रकरण त्याआधीचं. २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत चालकाच्या डोक्याभोवती टायटेनियमची एक कमान आली. चाहत्यांनी तिची एवढी टिंगल कधी कशाची केली नसेल. समोरून पाहिलं तर अंगठ्याच्या चपलेचा पट्टा दिसतो, म्हणून नाव पडलं चप्पल. मर्सिडीज संघाचा प्रमुख टोटो वुल्फ म्हणाला, करवत दिलीत तर मी कापून टाकतो. रोमां ग्रोझां नावाच्या फ्रेंच चालकाचाही तिला विरोध होता. आकाशाखाली उघड्या डोक्याने बसणं हाच या गाड्यांचा आत्मा, असं तेव्हा सगळे म्हणत.

२९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये साखीरच्या ट्रॅकवर पहिल्याच फेरीत ग्रोझांची गाडी लोखंडी कठड्यात घुसली. गाडीचे दोन तुकडे झाले. पुढचा भाग कठड्याच्या पट्ट्यांमध्ये शिरला आणि आगीचा लोळ उठला. त्या पट्ट्या जिथे त्याचं डोकं उडवणार होत्या, तिथे ही कमान होती. तिने पट्ट्या फाकवल्या. शुद्ध असल्यामुळे तो पट्टा सोडून धडपडत वर आला. जवळपास २८ सेकंद तो आगीत होता. वैद्यकीय गाडी मागोमाग आलेली होती, कारण पहिल्या फेरीत ती मागून येते. हाही कधीतरी कुणीतरी आग्रह धरून करून घेतलेला नियम. हात भाजले, बाकी माणूस चालत रुग्णवाहिकेपर्यंत गेला. रुग्णालयातून त्याने पहिल्यांदा जे सांगितलं त्यात हे होतं, की मी हेलोच्या विरोधात होतो आणि तो नसता तर आज बोलायला नसतो.

त्या गाडीचा जळालेला सांगाडा २०२३ साली माद्रिदच्या फॉर्म्युला वन प्रदर्शनात मांडला. सगळं काळं पडलेलं, वितळलेलं, रंग गेलेला, आणि वर ती चपलेच्या पट्ट्यासारखी कमान शाबूत. लोक तिकीट काढून ते पाहायला आले.